निळ्या दीपगृहाची फेरी

१

डॉक्टरीणबाईंनी अल्बमचं पान उलटलं आणि त्यांचा चिमटा हवेतच थांबला.

"हे इथे कसं?" त्या म्हणाल्या.

टेबलाभोवतीच्या बाकीच्या चौघांनी माना पुढे काढल्या. पानाच्या मधोमध, पारदर्शक खिशात, टपालाचं एक निळं तिकीट होतं. तिकिटावर दीपगृहाचं चित्र. खरं तर हे तिकीट लाल रंगात छापलं जायचं. छापखान्याच्या चुकीने थोडी निळी निघाली आणि त्यातलं एक वकीलसाहेबांकडे होतं. ते गेल्या वर्षी याच खोलीतून नाहीसं झालं होतं.

डॉक्टरीणबाईंनी चिमट्याच्या टोकाने खिसा जरासा दाबून पाहिला. खिसा पानावरून सरकला आणि तिरका होऊन बसला. "अगं बाई!" म्हणत त्यांनी हात मागे घेतला.

अल्बम फ्रीजवाल्यांच्या बायकोचा होता. तिला जाऊन फार दिवस झाले नव्हते.

घड्याळाच्या दुकानावरच्या या खोलीत दर रविवारी सकाळी तिकिटं जमवणारी ही मंडळी भेटत. आठवड्यात ज्याला जे नवं तिकीट मिळालं असेल ते तो टेबलावर ठेवी आणि ते हातोहात सगळ्यांसमोरून फिरे. याला ते फेरी म्हणत. फेरीचे नियम कडक. आधी बोळातल्या नळावर सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे, वयाने मोठा असेल त्याने पहिलं. टॉवेलने कोरडे पुसायचे. टेबलाशी बसलं की अध्यक्ष म्हणणार, "हात दाखवा," आणि सगळे शाळेतल्या पोरांसारखे तळवे पुढे करणार. चहा नाही, पाणी नाही. तिकिटं उघडी असेपर्यंत खोलीत ओलं काही यायचं नाही. मंडळातलं कोणी गेलं, तर घरच्यांनी अल्बम आणायचा. त्या माणसाचं शेवटचं तिकीट फेरीत फिरायचं, मग त्याचा फोटो भिंतीवर लागायचा.

आज तिचा फोटो लागायचा होता. फ्रेम तयार होती. घड्याळवाल्याने खिळाही ठोकून ठेवला होता.

"असो," वकीलसाहेब म्हणाले. अध्यक्ष तेच होते. त्यांनी चिमट्याने खिशातून निळं तिकीट काढलं, उजेडात धरलं, आपल्या डबीत ठेवलं. "माझंच आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. तिकीट मिळालं, विषय संपला. ही गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही."

घड्याळवाल्याने हळूच फ्रेम उचलली आणि तोंड भिंतीकडे करून कोपऱ्यात टेकवली.

फ्रीजवाले उठून उभे राहिले. जन्मभर फ्रीज दुरुस्त केलेला माणूस. तिकिटांतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. बोलण्याची सवयही कमीच. घरात बोलायचं खातं तिच्याकडे होतं.

"फोटो सरळ करा," ते म्हणाले.

"आता ते बरं दिसणार नाही," वकीलसाहेब म्हणाले.

"माझी बायको चोर नव्हती."

"चोर हा शब्द कोणी काढला?"

"तोंडाने नाही काढला. फ्रेमचं तोंड फिरवून काढला." त्यांनी अल्बम मिटून काखेत घेतला. "पुढच्या रविवारी मी येणार. हे तिकीट इथे कोणी चिकटवलं त्याचं नाव सांगणार. आणि मग फोटो मी माझ्या हाताने लावणार. कोणी अडवून दाखवा."

"आणि नाव नाही सांगता आलं तर?"

दारापर्यंत गेलेले फ्रीजवाले वळले.

"तर मंडळाच्या पाटीवर लिहा की ती चोर होती. मी खाली सही करतो."

२

घरी येऊन त्यांनी अल्बम स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. याच टेबलाशी ती बसायची. पाकिटांवरची हट्टी तिकिटं ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायची, मटाराच्या खाली. थंडीने डिंक सुटतो म्हणे. "नाहीतर तुमच्याशी लग्न कशाला केलं असतं?" असं ती आल्यागेल्यासमोर म्हणायची.

लेकीचा फोन आला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, कशाला अंगावर ओढून घेता? आई तर गेली."

"गेली म्हणूनच. तिला उठून उत्तर देता येत नाही."

"लोक विसरतात हो."

"मी नाही विसरत. तू जेवलीस का?" असं म्हणून त्यांनी विषय बंद केला.

फोन ठेवून त्यांनी ते पान उघडलं. रिकामा खिसा तसाच तिरका चिकटलेला होता. त्यांनी नखाने ढकलून पाहिला. हलेना. अंगठ्याने जोर लावला. खिसा कागदाला घट्ट धरून होता.

सकाळी तर चिमट्याच्या टोकाने सरकला होता.

ते खुर्चीवर टेकले. मग त्यांनी अल्बमची मागची पानं एकेक करून चाळली, आणि मंडळातल्या कोणालाच ठाऊक नसलेली गोष्ट त्यांना आठवली.

दीपगृह हरवलं त्याच सुमाराला तिचा उजवा हात थरथरायला लागला होता. दुसऱ्याचं तिकीट हातातून पडलं तर, या धसक्याने तिने मंडळात जाणं सोडलं. "जिना चढवत नाही," असं तिने सगळ्यांना कळवलं. मंडळींनी आता त्याचा अर्थ लावला होता: चोरी पचली आणि बाई गायब झाल्या. पण त्यानंतरचं एकूण एक तिकीट फ्रीजवाल्यांनी चिकटवलं होतं. ती बोट दाखवायची, ते चिकटवायचे. डिंकाची कागदी पट्टी जिभेवर इतकी ओली करायचे की पान फुगून यायचं. "गाय वासराला चाटते तसं काय चाटताय?" ती हसायची.

खिसा ज्या पानावर होता, ते पान त्यांनीच आखलं होतं. रेघ वाकडी गेली म्हणून बोलणीही खाल्ली होती. त्या पानाला तिचा हात लागलाच नव्हता.

३

"वा!" वकीलसाहेब आपल्या ऑफिसात खुर्ची मागे रेलून म्हणाले. "काय बोललात ते तुमचं तुम्हाला कळलं का?"

"कळलं. तिने चिकटवलेलं नाही."

"बरोबर. पान तुमचं, रेघ तुमची, चिकटवणं तुमचं. ताई सुटल्या. मग राहिलं कोण? त्यांनी आणलं आणि तुम्ही चिकटवलंत, किंवा सगळं तुमचंच. माझ्यासमोर बोललात ते ठीक. दुसऱ्या वकिलासमोर बोलू नका."

फ्रीजवाले तिला वर काढायला गेले आणि स्वतःच खड्ड्यात उतरले होते.

"मला चोर म्हणा," ते म्हणाले. "हरकत नाही. मी जिवंत आहे, मी भांडेन. पण मग तिचा फोटो आजच लावा."

वकीलसाहेबांचा आवाज उतरला. "हे बघा, मी दुष्ट माणूस नाही. पण ते तिकीट माझ्या वडिलांचं होतं. वर्षभर मी या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होतो, कोणी घेतलं असेल म्हणून. तुम्हाला काय वाटतं, गोड लागतं? मंडळाची शिस्तच गेली. परवाच्या रविवारी हात धुवून टॉवेल घेतला, तर नुसता लगदा. डॉक्टरीणबाई एकट्या सगळा टॉवेल भिजवून गेल्या होत्या!"

तिथून फ्रीजवाले मास्तरांकडे गेले. मास्तर मंडळातले सगळ्यात मोठे, निवृत्त, एकटे राहणारे. तिला तिकिटांचं वेड त्यांनीच लावलं. दार उघडल्या उघडल्या त्यांनी फ्रीजवाल्यांना हाताला धरून आत नेलं. बसा नाही, पाणी नाही.

"आधी हे बघा. काल आलं. तुम्हाला कळत नाही, ठाऊक आहे मला. तरी बघा."

एक तपकिरी तिकीट होतं. फ्रीजवाल्यांनी पाहिलं आणि मान हलवली. मास्तरांचा चेहरा उजळला.

"दाखवलं की बरं वाटतं बघा. दाखवता आलं नाही तर ते तिकीट आपलं नसतंच. नुसता कागद." मग ते हळू आवाजात म्हणाले, "ताईंचं मनावर घेऊ नका. मी वकीलसाहेबांना समजावतो. थोड्या दिवसांनी फोटो लावू, गाजावाजा न करता."

"गाजावाजा करूनच लावायचा आहे," फ्रीजवाले म्हणाले.

मास्तर उगाच तिकिटाचा कोपरा न्याहाळत राहिले.

घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळात शिरला होता. फ्रेम फिरवल्याची लाज त्याला वाटत होती, म्हणून तो जास्तच तिरसटासारखा बोलला.

"मला काय विचारता? मी खोली देतो, झाडतो, साबण ठेवतो. त्या दिवशी ताईंचा कार्यक्रम म्हणून नवीन टॉवेल काढला. दुकानातनं आणलेला, घडीचा. त्याचंही कौतुक नाही. माझी पाळी आली तोवर पिळून घ्यायची वेळ."

"मी तर शेवटी होतो," फ्रीजवाले म्हणाले. "मी पँटलाच पुसले."

"बघा! आणि अध्यक्ष म्हणतात, शिस्त."

४

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दातांचा. शेवटचा पेशंट गालावर हात धरून गेला, तेव्हा त्यांनी फ्रीजवाल्यांना पेशंटच्याच खुर्चीत बसवलं. दुसरी खुर्ची नव्हती.

"तोंड उघडू नका, नुसतं बोला," त्या म्हणाल्या. "मला त्या दिवसापासून झोप नाही. मीच पान उलटलं ना."

"खिसा सरकला होता."

"हो. मला वाटलं, मीच काहीतरी तोडलं."

"आता हलत नाही." फ्रीजवाल्यांनी अल्बम पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी चिमट्याने, मग नखाने ओढून पाहिलं. कपाळाला आठी पडली.

"हे खिसे आम्ही सगळेच वापरतो. मागे डिंक असतो. पाणी लावून ठेवायचे. प्लास्टिक जाड, हवा लागत नाही, म्हणून थोडा वेळ सरकतात. एकदा धरले की सुरीशिवाय निघत नाहीत." बोलता बोलता त्या थांबल्या. "म्हणजे मी हात लावला तेव्हा..."

"ओला होता."

"त्याच सकाळचा होता!"

"आणि मी घरून चिकटवून आणला असता तर? बसने आलो, जिना चढलो, हात धुवायच्या आधी वकीलसाहेबांचं स्वागताचं भाषण ऐकलं."

"त्यांचं भाषण? तेवढ्यात सिमेंटसुद्धा वाळतं."

फ्रीजवाले कितीतरी दिवसांनी हसले. मग म्हणाले, "पण खोलीत पाणी नसतं. थुंकी लावली असेल?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनी देवाला शिवी दिली. "निळ्या दीपगृहाला? थुंकी? आमच्यातला कोणी खून करेल एक वेळ, पण ते नाही करणार. तुमच्यासारखी पट्टीसुद्धा चिकटवणार नाही. तिकिटामागचा डिंक खराब होतो ना! खिसाच वापरेल आणि स्वच्छ पाणीच लावेल."

"मग पाणी कुठलं? नळ बोळात. तिथे सगळे रांगेत उभे." फ्रीजवाले पुटपुटले. "वकीलसाहेब तर तुमच्यावर चिडलेत. म्हणतात, तुम्ही एकट्यांनी सगळा टॉवेल भिजवला."

"मी एकटीने? म्हणे, मी!" डॉक्टरीणबाई उसळल्या. "मी बोटं नीट पुसते, धंद्याची सवय आहे. पण माझ्या आधी मास्तर होते की! उगाच माझ्या नावावर..." त्या एकदम थबकल्या.

"काय झालं?"

"काही नाही. गंमत वाटली. मी टॉवेल घेतला तेव्हा तो कोरडा खडखडीत होता. घडीसुद्धा मोडलेली नव्हती."

फ्रीजवाले खुर्चीतून इतक्या झटक्यात उठले की डोक्यावरचा दिवा त्यांच्या कपाळावर आदळला.

५

रविवारी सगळे जमले. फ्रीजवाले सगळ्यांच्या आधी आले होते. बोळात, टॉवेलच्या शेजारी, ते हाताची घडी घालून उभे राहिले. रिवाजाप्रमाणे मास्तरांनी पहिल्यांदा हात धुतले. आज त्यांनी टॉवेल घेतला आणि एकेक बोट पुसलं.

टेबलाशी बसल्यावर वकीलसाहेब म्हणाले, "हात दाखवा." मग फ्रीजवाल्यांकडे वळून, "तुम्ही काहीतरी दाखवणार होतात."

फ्रीजवाल्यांनी अल्बम उघडला. तिरक्या खिशाशेजारी त्यांनी दुसरा खिसा चिकटवून आणला होता.

"हा डॉक्टरीणबाईंकडून घेतला. आज घरून निघताना पाणी लावून ठेवला. हलवून बघा."

वकीलसाहेबांनी हलवून पाहिला. घड्याळवाल्याने पाहिला. हलला नाही.

"गेल्या रविवारी हा पहिला खिसा तुमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सरकला. म्हणजे तो ओला होता. घरून आणला असता तर वाळला असता. तो इथे चिकटवलाय, या खोलीत, अल्बम मी टेबलावर ठेवल्यानंतर."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर नाही. अल्बम ठेवून मी बोळात आलो, तेव्हा तुम्ही सगळे नळावर होतात. मी शेवटी उभा राहिलो. खोली रिकामी. हात धुवून जो पहिला परत गेला, तो अल्बमजवळ एकटा होता. दुसरा जाईपर्यंत. दुसऱ्याला आत एकटं राहायला मिळालंच नाही, तिसऱ्याला नाही, कोणालाच नाही."

कोणी कोणाकडे पाहिलं नाही. पहिलं कोण धुतं हे सगळ्यांना पाठ होतं.

"एवढ्यावर आरोप करता येत नाही," वकीलसाहेब म्हणाले, पण आवाजात वकिली नव्हती. "खोलीत पाणी नव्हतं."

"पाणी बोटांवर होतं. नवा टॉवेल, घडीचा. पहिल्याने हात पुसले असते तर दुसऱ्याच्या हातात घडी मोडलेला, ओलसर टॉवेल आला असता. डॉक्टरीणबाईंना तो कोरडा, घडीसकट मिळाला. तुमच्या मंडळात ओल्या हाताने या खोलीत पाऊल टाकणं म्हणजे पाप. तरी एक माणूस टॉवेलसमोरून तसाच निघून आला. कारण त्याला ते पाणी हवं होतं. काम झाल्यावर त्याने रुमालाला हात पुसले, आणि 'हात दाखवा' म्हटल्यावर दाखवले. कोरडे."

टेबलावर मास्तरांचे हात अजून तसेच उताणे पसरलेले होते. ते किंचित हलत होते. फ्रीजवाल्यांना तो थरथराट ओळखीचा वाटला आणि त्यांनी नजर दुसरीकडे नेली.

"फेरीत माझ्या हातात आलं," मास्तर म्हणाले. "घड्याळवाले काहीतरी विनोद करत होते. तुम्ही सगळे हसत होतात. कसं झालं, मलाच कळलं नाही. घरी गेलो तर ते माझ्या वहीत."

"परत का नाही दिलंत?" वकीलसाहेबांचा आवाज फाटला.

"कोणत्या तोंडाने? वर्षभर रोज बघायचो. एकटाच. एका माणसाला दाखवता येईना. असं वाटायचं की मी आंधळा झालोय आणि ते तिकीटही आंधळं झालंय. वाटलं, एकदा ते फेरीत फिरावं. सगळ्यांनी बघावं, मग वकीलसाहेबांकडे जावं. ताई तर गेल्या. त्यांना आता कशाचं काय लागणार?"

"मला लागलं," फ्रीजवाले म्हणाले. "तिच्या लेकीला लागलं. आणि तिलाही लागतं, मास्तर. ती नाही म्हणून तिचं नाव काही उघड्यावर टाकलेलं नाही. ते माझ्या घरात आहे, मी सांभाळतोय."

मास्तरांनी मान खाली घातली. डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले, आणि पुसता पुसता नियम आठवून हात टेबलापासून लांब धरला.

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. "जे झालं ते वाईट झालं. पण मास्तरांचं वय बघता, मला वाटतं, ही गोष्ट या खोलीबाहेर..."

"नाही!" फ्रीजवाल्यांनी टेबलावर हात आपटला. चिमटे उडाले. "गेल्या रविवारी हेच म्हणालात. खोलीत ठेवायचं म्हणजे तिला दोषी ठेवायचं आणि वर उपकार. जे टेबलावर बोललात ते टेबलावरच परत घ्यायचं. मोठ्याने. मास्तरांना पोलिसात द्या की मांडीवर घ्या, तो तुमचा प्रश्न. माझा प्रश्न कोपऱ्यात तोंड फिरवून उभा आहे."

वकीलसाहेब उठून उभे राहिले.

"ताईंनी काही घेतलं नव्हतं. मी चुकलो," ते म्हणाले. "मंडळ चुकलं. हे मी बाहेरही सांगेन."

"मीही," घड्याळवाला म्हणाला, आणि फ्रेम आणायला कोपऱ्याकडे वळला.

"तुम्ही नका," फ्रीजवाले म्हणाले.

त्यांनी स्वतः फ्रेम उचलली, बाहीने काच पुसली आणि खिळ्यावर टांगली. जराशी तिरकी लागली. त्यांनी ती तशीच राहू दिली. त्यांची रेघ वाकडीच जाते हे तिला ठाऊक होतं.

मग ते परत टेबलाशी आले. "तिची फेरी राहिली आहे."

अल्बमच्या शेवटच्या पानावर एकच तिकीट होतं. अगदी साधं, रोजच्या टपालाचं, त्यावर एक पूल. फ्रीजच्या सुट्या भागांच्या पाकिटावर आलेलं. ते तिने फ्रीजरमध्ये सोडवलं होतं आणि त्यांनी चिकटवलं होतं, इतकं चाटून की पान फुगलं होतं. कुठल्याही बाजारात त्याला कोणी विचारलं नसतं.

अल्बम फिरला. घड्याळवाल्याने भिंग लावून पाहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शिक्का किती स्वच्छ आलाय." वकीलसाहेबांनी आपल्या दीपगृहाकडे पाहिलं असतं तितका वेळ त्या पुलाकडे पाहिलं, आणि अल्बम पुढे केला. पुढे मास्तर होते.

मास्तरांनी हात उचलले नाहीत. ओघळलेली आसवं त्यांनी तळव्यांनीच पुसली होती. ते खुर्ची मागे सारून दाराकडे निघाले.

"मास्तर," फ्रीजवाले म्हणाले. "फेरी अर्ध्यावर सोडून कुठे चाललात?"

मास्तर थांबले.

"तिला तिकिटं बघायला तुम्हीच शिकवलंत. बघितल्याशिवाय जायचं नाही." त्यांनी बोळाकडे बोट केलं. "हात धुवून या. आम्ही थांबतो. आणि टॉवेलला पुसून या."